आमच्या जैवविविधता समितीला गाव का मानत नाही? सोलापुरातून एक सविस्तर उत्तर

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात सांगते. मोहोळ तालुक्यातल्या एका ताईंना त्यांच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचं अध्यक्ष केलंय. गावातली झाडं, प्राणी आणि त्यांच्याबद्दलची माहिती लिहायची नोंदवही आधीच कुठल्यातरी एजन्सीने करून कपाटात ठेवलीय, बँकेत समितीचं खातं आहे पण त्यात पैसा नाही. आता गायरानावर झाडं लावायचा प्रस्ताव आलाय, मेंढरं राखणारे नको म्हणतायत, एक खातं म्हणतं समितीचा ठराव जोडा, दुसरं म्हणतं समितीला विचारायची गरजच काय, आणि गावातली माणसं म्हणतात ही समिती कोण टिकोजीराव लागून गेली. ताईंनी विचारलंय की आमच्या समितीला खरंच काही अधिकार आहे का, आणि असेल तर लोक तो मानत का नाहीत.

ताई, तुम्ही दोन प्रश्न एका दमात विचारलेत. अधिकार आहे का, याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळतं. लोक मानत का नाहीत, हे कळायला मात्र माझी बरीच वर्षं गेली आणि ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही कळलं, माळावर फिरून कळलं. मी आधी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे, मग गावोगावच्या नोंदवह्या करायच्या कामात पडले ते आजतागायत, जिल्ह्यातले अकराही तालुके पालथे घालून झालेत. त्यामुळे जे बघितलंय तेच सांगते.

पहिला प्रश्न आधी. तुमची समिती जैविक विविधता कायदा २००२ खाली आहे. त्या कायद्याच्या मागे १९९२ चा रिओचा जागतिक करार आहे, ज्यात जैवविविधता ही ज्या त्या देशाच्या हक्काची गोष्ट हे मान्य झालं. आपल्या कायद्याने त्यावर तीन मजले बांधले, चेन्नईला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण, राज्याराज्यात मंडळ (आपलं नागपूरला), आणि खाली प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत समिती. म्हणजे महापालिकेत, नगरपालिकेत आणि तुमच्या ग्रामपंचायतीतसुद्धा. कलम ४१ वाचा, तुमचं सगळं त्यात आहे. गावच्या हद्दीतून कुणी धंद्यासाठी जैविक संसाधन गोळा करत असेल तर समिती शुल्क घेऊ शकते. प्राधिकरण आणि मंडळ यांनी तुमच्या हद्दीतल्या संसाधनांच्या वापराबाबत निर्णय घेताना समितीशी सल्लामसलत करायची आहे. कलम ४३ मध्ये स्थानिक जैवविविधता निधी आहे. २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, समितीत कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ११ सदस्य असं ठरलं. त्याच दुरुस्तीत तुरुंगवासाची शिक्षा काढून दंडावर आणलं, १ लाखापासून ५० लाखांपर्यंत.

आता त्या कलमातला शब्द नीट बघा. सल्लामसलत. संमती नाही. या एका शब्दात तुमच्या गावचं निम्मं दुखणं आहे. सल्लामसलत म्हणजे तुम्हाला विचारायचं, पण तुम्ही नको म्हणालात तर पुढं काय, हे कायदा स्पष्ट सांगत नाही. आणि एखाद्या दुसऱ्या खात्याने गायरानावर झाडं लावायची ठरवली तर या समितीची परवानगी लागते असंही कुठं लिहिलेलं नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण बरेच ट्रेनर समितीवाल्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतात की तुम्ही म्हणाल ती पूर्व, आणि मग पहिल्याच फाइलीला ते तोंडघशी पडतात आणि गावात आणखी हसू होतं. गायरानाबाबत तुमची खरी ताकद ग्रामसभेत आहे, त्यावर शेवटी येते.

आता दुसरा प्रश्न, तो मोठा आहे.

समित्या झाल्या कशा ते आधी बघा. कायदा २००२ चा, पण वर्षानुवर्षं बहुतेक गावात त्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालतात तिथं, केस उभी राहिली तेव्हा देशभरात समित्या दहा हजाराच्या आतबाहेर होत्या आणि नोंदवह्या तर दीड हजारही नव्हत्या, आणि ग्रामपंचायती अडीच लाखांच्या आसपास. मग लवादाने ९ ऑगस्ट २०१९ ला आदेश दिला की ३१ जानेवारी २०२० पर्यंत शंभर टक्के काम करा, नाहीतर प्रत्येक राज्याने महिन्याला १० लाख रुपये भरायचे. झालं, सगळीकडे धावपळ. ग्रामसेवकाला फोन, आजच्या आज समितीची नावं द्या. मग सरपंचाच्या भावकीतली चार नावं, महिला पाहिजेत म्हणून दोन नावं घरच्यांचीच, अनुसूचित जातीचं एक नाव त्या माणसाला न विचारता, ठराव झाला, सही शिक्का, ईमेल. आज देशात अडीच लाखांच्या वर समित्या आहेत. आकडा बघितला तर छाती फुगावी असा आहे. लवादाचा हेतू चांगला होता, दट्ट्या दिला नसता तर अजून वीस वर्षं काही झालं नसतं हेही मी मान्य करते, पण गावाला न विचारता गावाची समिती होते तेव्हा गाव तिला आपली कशाला म्हणेल?

नोंदवह्यांचं तर विचारूच नका. खरं म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही ही फार सुंदर कल्पना आहे, माधव गाडगीळ आणि त्यांच्यासोबतच्या मंडळींनी १९९० च्या दशकात तिची सुरुवात केली, कल्पना अशी की गावाला जे माहीत आहे ते गावाच्या शब्दात, गावाच्या तोंडून लिहून ठेवायचं. आणि झालं काय ते सांगते. मंगळवेढ्याच्या बाजूला एका गावात मी नोंदवही तपासायला गेले होते. चावडीपुढं सतरंजी टाकली, दहा-बारा माणसं, मी एकेक पान वाचत होते. झाडांच्या यादीत हिरडा. करवंद. पुढं एका पानावर चक्क खाडीतले मासे. मंगळवेढ्यात खाडी! कोकणातल्या कुठल्या गावाची फाइल उघडून गावाचं नाव तेवढं बदललेलं. कोपऱ्यात एक म्हातारे मामा बसलेले, काठी, खांद्यावर घोंगडं, सगळा जन्म मेंढरामागं गेलेला. ते इतका वेळ गप्प होते, मग म्हणाले, “बाई, ही वही कुणाच्या गावची हाय? आमच्या गावची न्हाई ही.” आणि उठले, मला म्हणाले चला.

माळावर नेलं त्यांनी. ऑक्टोबर होता, गवताला तुरे आलेले. चालता चालता वाकून एकेक काडी तोडून हातात देत होते, हा पवन्या, हे मारवेल, हा शेडा, ही कुसळी. कुसळी कवळी असताना मेंढी खाते, पण एकदा कूस धरली की तोंडात टोचते, लोकरीत शिरते, कातडीपर्यंत जाते, म्हणून त्या दिवसात कळप त्या अंगाला न्यायचा नाही, ओढ्याच्या कडेनं न्यायचा. कुठल्या टेकाडावर पाऊस संपल्यावर किती आठवडे चारा पुरतो, कुठल्या वर्षी काय झालं, धाविक पक्षी कुठं अंडी घालतो आणि म्हणून मेंढरं कुठून वळवायची, सगळं. दीड तासात मला जे मिळालं ते त्या ऐंशी पानी छापील वहीत एका ओळीतसुद्धा नव्हतं. ती वही जिल्ह्याच्या आकड्यात “पूर्ण” म्हणून धरलेली होती. आम्ही ती पुन्हा केली, आठ महिने लागले. त्यानंतर त्या गावात समितीला कुणी टिकोजीराव म्हणत नाही, कारण मामांचं नाव त्या वहीत आहे आणि मामांना गाव मानतं.

इथं मला जे म्हणायचंय ते मांडते. कायद्याने हुद्दा मिळतो, मान मिळत नाही, आणि प्रत्येक पातळीवर मान मिळायची रीत वेगळी आहे. दिल्ली-चेन्नईला कायदा आणि कोर्टाचा आदेश चालतो. नागपूरला तज्ज्ञांचा अहवाल चालतो. जिल्हा परिषदेत मतांची बेरीज चालते. आणि गावात वहिवाट चालते, कोण किती वर्षं तिथं मेंढरं चारतोय, पाणंद कुणाच्या बांधावरून जाते, ओढ्यावर पाण्याची पाळी कुणाची. आता वरच्या पातळीचं नाणं खालच्या बाजारात चालत नाही आणि खालचं वर चालत नाही. तुम्ही मामांची वहिवाट घेऊन वर गेलात तर विचारतात कागद कुठाय, आणि वरचा माणूस जीआर घेऊन गावात आला तर गाव म्हणतं तू कोण. मग हे सांधायचं कसं? माझ्या बघण्यात एकाच गोष्टीने सांधलं जातं. खालून वर काही सांगितलं की वरून त्याला उत्तर यायला पाहिजे, लेखी आणि कारणासकट. हो म्हणाले तर उत्तमच. नाही म्हणाले तरी का नाही ते कळलं तर लोक सहन करतात, आपली माणसं एवढी अडाणी नाहीत. पण ठराव पाठवला आणि तीन वर्षं कुणी पोचही दिली नाही, की तिथं सगळं संपतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या दारातच आहे, माळढोक. सत्तरच्या दशकात नान्नजच्या माळावर हा पक्षी आहे याकडं लक्ष वेधलं ते सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी या शाळामास्तरांनी, म्हणजे सुरुवात खालूनच झाली होती. मग १९७९ ला अभयारण्य झालं, आणि किती मोठं, तर ८,४९६ चौरस किलोमीटर. तुलनेला सांगते, आपला सगळा सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटरचा आहे. सोलापूर आणि नगर मिळून तालुकेच्या तालुके त्यात, शेतं, गावं, बाजारपेठा, सगळं नकाशावर अभयारण्य. पक्षी राहत होता त्यातल्या थोड्याशा गवताळ तुकड्यांवर. पण रेघ एवढी मोठी ओढली गेली की लाखो लोकांना एका सकाळी कळलं आपण अभयारण्यात राहतो, आणि तेही कुणी येऊन सांगितलं नाही, जमिनीचं काम अडलं तेव्हा कळलं.

त्या भागातल्या एका शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून मी ऐकलंय. साडेतीन एकर कोरडवाहू, मुलीच्या लग्नासाठी एक एकर विकायची होती, खरेदीखत होईना, दाखला आणा म्हणून हेलपाटे, वर्ष गेलं. तो मला म्हणाला, “मॅडम, माझा बाप नांगरताना माळढोकाचं अंडं दिसलं की तेवढा तुकडा सोडून नांगर वळवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. आता त्या पक्ष्याचं नाव घरात काढलं तरी म्हातारी चिडते.” मला त्या दिवशी रात्री झोप लागली नाही. माळढोकाची मादी सहसा हंगामात एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ज्या माणसाचा बाप ते अंडं सांभाळायचा तोच माणूस आपल्या बाजूचा राहिला नाही, मग आपण नकाशावर रेघ मारून वाचवलं काय?

मी अभयारण्याच्या विरोधात बोलत नाहीये. नान्नजचा जो राखीव गवताचा तुकडा आहे तो नसता तर काळवीट, खोकड, लांडगे यांचं काय झालं असतं विचार करवत नाही, आणि तिथं उन्हातान्हात राबणारे वनरक्षक, वनमजूर मी बघितलेत. पुढं सुप्रीम कोर्टाच्या मंजुरीनंतर क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पण तोपर्यंत एक अख्खी पिढी चिडलेली होती. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात, आणि आपल्याकडं वर्षात एखादा दिसला तर आम्ही एकमेकांना फोन करतो. पक्षी गेला त्याला विजेच्या तारा, पिकं बदलली, कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, अशी बरीच कारणं आहेत, एकटी ही गोष्ट नाही. पण माळ वाचवायला गाव सोबत असतं तर यातलं काही आपण थोडं लांबवू शकलो असतो असं मला मनापासून वाटतं.

आता गावची गोष्ट एवढी सांगितल्यावर कुणी म्हणेल मग सगळं गावावर सोपवा. ते पण नाही. गाव म्हणजे कोण, हा प्रश्न येतोच. तुमच्याच गायरानाचं घ्या. नको म्हणणारे मेंढपाळ गावचे आहेत का बाहेरून चार महिन्यांसाठी येणारे? बाहेरून येणाऱ्यांचं मतदान इथं नाही, ग्रामसभेत त्यांना हात वर करता येत नाही, पण त्या माळाचं गवत त्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी चारलंय. सरपणाला जाणाऱ्या बाया ग्रामसभेत येतात का, आल्या तर मागच्या रांगेत बसून बोलतात का? गायरानावर कुणाचं अतिक्रमण आहे आणि तो कुणाचा पाहुणा आहे, हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. तर खालची पातळी म्हणजे आपोआप न्यायाची असं समजू नका. एका गावात समितीने शुल्क लावायचं ठरवलं तेव्हा पहिलं शुल्क कुणावर, तर डिंक आणि मध गोळा करणाऱ्या दोन पारधी कुटुंबांवर, आणि कायदा स्थानिक लोकांना, वैदूंना यातून मोकळं ठेवतो हे तिथं कुणाला ठाऊकच नव्हतं. मला भांडावं लागलं. शुल्काचा रोख बाहेरून येऊन धंदा करणाऱ्यांवर पाहिजे. उत्तराखंड हायकोर्टाने दिव्य फार्मसी या आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्यांच्या केसमध्ये २१ डिसेंबर २०१८ ला सांगितलं की भारतीय कंपनी असली तरी लाभातला वाटा द्यायचा, कारण ते ज्ञान आणि ते संसाधन स्थानिक लोकांनी जपलंय. २०२३ च्या दुरुस्तीने आयुष डॉक्टर आणि ग्रंथात लिहिलेलं पारंपरिक ज्ञान यांना सूट दिली, त्यावर माझं मत चांगलं नाही, कारण आपल्या वैदूंकडचं कितीतरी ज्ञान ग्रंथात पण आहे आणि त्यांच्या हातात पण आहे, मग वाटा कुणाचा? पण त्याच दुरुस्तीत लागवड केलेल्या औषधी वनस्पतीच्या उगमाचं प्रमाणपत्र, म्हणजे ती कुठली याचा दाखला, स्थानिक समितीने द्यायचं असं आलंय, म्हणजे तुमच्या सहीला तेवढी किंमत वाढली. ती सही कुणाच्या सांगण्यावरून कोऱ्या कागदावर देऊ नका.

एकाच वस्तूवर किती कायदे बसलेत हे बघायचं तर आपली ज्वारी घ्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो १९९९ चा कायदा. तिच्या वाणावर शेतकऱ्याचा हक्क, तो २००१ चा कायदा, त्याचं ऑफिस दिल्लीला. जैविक संसाधन म्हणून तीच ज्वारी २००२ च्या कायद्यात, आणि त्याचं प्राधिकरण चेन्नईला, मानांकनाची रजिस्ट्री पण चेन्नईलाच. मालदांडी ज्वारीची ३५-१ ही निवड १९३० च्या दशकात आपल्या मोहोळच्याच केंद्रात झाली, ती स्थानिक शेतकऱ्यांच्या दाण्यातूनच. आता ज्या बाईच्या कणगीत ते बी चार पिढ्या आलंय, जी अजून राखेत कालवून बी ठेवते, तिला यातलं काय माहीत आहे? काहीच नाही. तिघांपैकी एकाही ऑफिसातून तिच्यापर्यंत माणूस पोचलेला मी बघितला नाही. या बाईचं नाव नोंदवहीत घालणं हे समितीचं काम आहे आणि ते फुकटात होतं.

उजनीची पण तीच तऱ्हा. पाणी एका खात्याचं, मासा दुसऱ्याचा, पक्षी तिसऱ्याचा, पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन पुन्हा पहिल्याचीच, आणि जलाशय तीन जिल्ह्यात पसरलेला. बारीक जाळ्यानं कोवळी मासळी उपसली जाते, तक्रार करायची तर मच्छीमारांना कळत नाही दार कुणाचं वाजवायचं, आणि काठावरच्या ग्रामपंचायतीच्या समितीची हद्द पाण्याच्या कडेला संपते. इथं कुणी गुन्हेगार आहे म्हणून बिघडलेलं नाही, कुणाचंच ऐकायचं काम कुणाकडंच नाही म्हणून बिघडलंय.

आणि सगळ्यात वरचं पण बघून ठेवा कारण ते लवकरच तुमच्या गायरानापर्यंत येणार आहे. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी नवा आराखडा मान्य केला, २३ उद्दिष्टं, त्यातलं तिसरं म्हणजे २०३० पर्यंत जमीन आणि समुद्राचा ३० टक्के भाग संवर्धनाखाली आणायचा. त्याच मजकुरात स्थानिक समुदायांचे हक्क मानायचे असंही आहे, बाविसावं उद्दिष्ट तर सहभागाबद्दलच आहे. भारताने २०२४ मध्ये आपलाही सुधारित कृती आराखडा दिला. आता हा ३० टक्के मोजताना गवताळ माळ धरतील का नाही, आणि धरले तर कुणाला विचारून, हे आतापासून बघायला पाहिजे. आजवर सरकारी नकाशात आपला माळ म्हणजे “पडीक”. पडीक म्हटलं की कुणालाही वाटतं इथं काहीतरी करावं, झाडं लावा, सोलर टाका, एमआयडीसी करा. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात गवत हेच तिथलं जंगल आहे, त्यावर गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावून सावली केली की खालचं गवत मरतं आणि गवताबरोबर चंडोल, धाविक, काळवीट सगळे हटतात. झाडं लावणं वाईट असं कुणाला सांगायला गेलं की लोक वेड्यासारखे बघतात, मला माहीत आहे, मी ते सहन केलंय. वरून झाडांचं टार्गेट, त्याच्याही वरून जैवविविधतेचं टार्गेट, आणि दोन्हींना जागा सापडते ती एकच, तुमचं गायरान.

तर आता तुमच्या गायरानाचं. जमीन सरकारची, व्यवस्थापन ग्रामपंचायतीकडं, वापर बदलायचा तर विषय कलेक्टर ऑफिसपर्यंत जातो. म्हणून ठराव समितीचा नको, ग्रामसभेचा करा, आणि समितीची नोंदवही त्या ठरावाला जोडा. पण ती एजन्सीची वही जोडू नका, तिच्यात खाडी निघाली तर तुमचीच शोभा होईल. नवीन करायला वेळ लागतो तर निदान गायरानापुरती पुरवणी करा. चौदा-पंधरा पानं पुरतात. कुठल्या महिन्यात कुणाची किती मेंढरं, कुठलं गवत, पाणी कुठं, बायका सरपण कुठून आणतात, पक्षी कुठं अंडी घालतात, ज्याने सांगितलं त्याचं नाव त्याला विचारून. बाहेरून येणाऱ्या मेंढपाळांनाही बोलवा, त्यांचा हात मोजला जाणार नाही पण त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्या, लिहून घ्यायला कुठलाही कायदा अडवत नाही.

झाडं पाहिजेत म्हणणारे गावात असतील तर त्यांचं पण ऐका, शाळेभोवती, ओढ्याच्या काठानं, वस्तीकडच्या रस्त्याला लिंब, बोर, बाभूळ लावा ना, तिथं ती मूळचीच आहेत. ठरावात नुसतं नको असं लिहू नका, माळावर नको पण इथं इथं चालेल असं लिहा, गट नंबर टाकून. शेवटची ओळ मी नेहमी घालायला सांगते ती अशी, “या ठरावावर काय निर्णय झाला व का झाला हे ग्रामसभेस लेखी कळवावे.” प्रत चार ठिकाणी द्या, ज्या खात्याचा प्रस्ताव आहे तिथं, पंचायत समितीत, कलेक्टर ऑफिसात आणि नागपूरला मंडळाकडं, प्रत्येक ठिकाणची पोच घ्या आणि पोचेची झेरॉक्स चावडीच्या बोर्डावर लावा. उत्तर आलं की तेही बोर्डावर लावा, मनासारखं असो नसो. आणि उत्तर नाही आलं तर पुढच्या ग्रामसभेत तारखेनिशी वाचून दाखवा की अमुक दिवशी दिलं, अजून काही आलं नाही. समितीने लपवलं नाही हे एकदा दिसलं की माणसं तुमच्याकडं आपणहून यायला लागतात, हे मी एकापेक्षा जास्त गावात बघितलंय.

सदस्यांची यादी पण एकदा काढा आणि ज्यांना न विचारता नावं घातलीत त्यांच्या घरी स्वतः जा. नको असेल तर मोकळं करा, हवं असेल तर बैठकीची तारीख त्यांच्या सोयीने ठेवा, मजुरीला जाणाऱ्या बाईला सकाळी अकराची मीटिंग जमत नाही, रात्री जेवणं झाल्यावर ठेवा.

दिवाळीच्या आधी गवत ओळखायला बरं असतं, तुरे आलेले असतात, कापणी सुरू झालेली नसते. तेवढ्या दिवसात जमवा. मला आधी दोन दिवस कळवलंत तर मी सकाळच्या एसटीने येईन, तुम्ही फक्त मेंढरं राखणारे दोघं-तिघं म्हातारे आणि सरपणाला जाणाऱ्या बायांपैकी कुणी येतंय का एवढं बघा, वही आणि पेन माझ्याकडं असेल.